आपण कुणाकडून?

पडद्यावर कड्याच्या टोकाशी हंसाचं दोन दिवसांचं पिल्लू उभं होतं आणि खाली, शंभरेक मीटरवर, दगडांच्या आडोशाला ध्रुवीय कोल्ही वाट बघत होती. हंस म्हणजे कवितांमधले पांढरेशुभ्र राजहंस नव्हेत. काळ्या मानेचे, पांढऱ्या चेहऱ्याचे, ग्रीनलंडच्या उभ्या कड्यांवर घरटी करणारे बार्नॅकल हंस. पिल्लांना चोचीने भरवायची रीत या पक्ष्यांत नाही. चारा खाली गवतात, आणि पंखांत बळ यायला अजून कित्येक आठवडे. म्हणजे पिल्लाने उडी टाकायची, दुसरा मार्गच नाही. आधीची दहा मिनिटं आम्ही सगळे प्रेक्षक या हंसांच्या घरचे होऊन बसलो होतो. मग कॅमेऱ्याने आम्हाला उचललं आणि कोल्हीच्या बिळात नेऊन सोडलं. तिथे तिची पिल्लं, खपाटीला गेलेली पोटं, एकमेकांच्या शेपट्या चावणं. परत कडा, परत ते पिल्लू, एक पाऊल पुढे, दोन मागे. माझ्या मागच्या रांगेतल्या सहा-सात वर्षांच्या मुलीने सगळ्या थिएटरला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "आई, आपण कुणाकडून?"

हशा पिकला. आईने "गप बघ" म्हणून वेळ मारून नेली. मला मात्र वाटलं, वन्यजीव माहितीपटांवरून सध्या जो वाद घातला जातो, त्यात इतका नेमका प्रश्न कुणी विचारलेला नाही.

वादाचं स्वरूप ठरलेलं आहे. एक गट म्हणतो, हे सगळं नाटक असतं: आवाज स्टुडिओत तयार करतात, एक कोल्ही म्हणून दाखवतात त्या प्रत्यक्षात तीन असतात, बाळंतपणाचं दृश्य प्राणिसंग्रहालयात उरकलेलं असतं. दुसरा गट म्हणतो, असेना का, लोकांना प्राण्यांचा लळा लागतो ना, मग कशाला कीस काढता? आणि अलीकडे यात तिसरा आवाज मिसळलाय: कृत्रिम बुद्धिमत्ता हवं ते दृश्य बसल्या जागी बनवून देते, तर तीन-तीन वर्षं बर्फात कुडकुडत बसण्याचा खटाटोप हवाच कशाला? तिघेही एकाच गोष्टीभोवती फिरतात, चित्र खरं की खोटं. माझं म्हणणं असं की प्रश्नच चुकलाय. दृश्यांचं कातरकाम, म्हणजे संकलन, हा खोटेपणा नव्हे, वरून जोडलेला आवाजही नव्हे. वन्यजीव माहितीपटाचं मोठं खोटं वेगळंच आहे: रानात सतत काहीतरी घडत असतं, हे. आणि ते दुरुस्त करता येईल अशी जी जागा अजून उरली आहे, अंधारं थिएटर, नेमकं तिथेच ते सगळ्यात मोठ्या आवाजात सांगितलं जातं.

पहिल्या गटाचं जे खरं आहे ते आधी मान्य करू, कारण ते फारच खरं आहे. १९०३ साली जॉन बरोज या अमेरिकन निसर्गलेखकाने, रंजक प्राणिकथा 'निरीक्षण' म्हणून खपवणाऱ्या लेखकांवर तोफ डागली. त्यांतल्या एकाने तर, पाय मोडलेला पक्षी चिखल आणि गवताचं प्लास्टर करून घेतो, असं गंभीरपणे लिहिलं होतं. १९०७ मध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट या भांडणात उतरले आणि अशा मंडळींना त्यांनी निसर्गाचे भोंदू ठरवलं. पुढची गंमत बघा. १९०९ मध्ये रूझवेल्ट आफ्रिकेत शिकारीला गेले. शिकागोच्या विल्यम सेलिग या निर्मात्याला त्यांच्यासोबत कॅमेरा पाठवायचा होता, ते जमलं नाही. मग त्याने शिकागोतच स्टुडिओत रान उभारलं, रूझवेल्टसारखा दिसणारा नट आणला, एक म्हातारा सिंह विकत घेतला आणि कॅमेऱ्यासमोर त्याला गोळी घातली. सिनेमा धो धो चालला. पुष्कळांना तो खराच वाटला. दरम्यान चेरी कीअर्टन हा इंग्रज छायाचित्रकार खरोखर आफ्रिकेत होता आणि त्याने खऱ्या रूझवेल्टचं खरं चित्रण केलं होतं. ते १९१० मध्ये झळकलं आणि लोक कंटाळले. सिंहाची शिकार कुठाय? भोंदूंवर तुटून पडलेल्या माणसाची भोंदू आवृत्ती चालली, अस्सल आपटली. हा प्रसंग मला पुढे पुन्हा काढावा लागणार आहे, कारण माझ्या म्हणण्याविरुद्धचा सगळ्यात दणकट पुरावा तोच आहे.

१९५८ च्या डिस्नेच्या माहितीपटाची गोष्ट तर कुप्रसिद्धच. लेमिंग नावाचे उंदरांच्या जातीतले प्राणी झुंडीने कड्यावरून समुद्रात उड्या घेऊन जीव देतात, असं दृश्य त्यात आहे. १९८२ मध्ये कॅनडाच्या सार्वजनिक वाहिनीने या प्रकाराचा छडा लावला. चित्रण झालं होतं अल्बर्टात, जिथे ना समुद्र, ना ते लेमिंग. मॅनिटोबातल्या इनुइट मुलांकडून थोडे लेमिंग विकत घेतले, मूठभरांची झुंड वाटावी म्हणून बर्फ पसरलेल्या फिरत्या चकतीवर पळवले, आणि शेवटी नदीत लोटले. लेमिंग आत्महत्या करतात हा समज आधीपासूनच होता, पण तो जगाच्या डोक्यात कायमचा बसवला या चित्रांनी. सिनेमाला ऑस्कर मिळालं ते वेगळंच.

तेव्हा संशय घेणाऱ्यांना मी वेडं म्हणणार नाही. पण या लेमिंगांच्या शेजारी १९५६ चा, जाक कूस्तो या फ्रेंच समुद्रसंशोधकाचा समुद्रपट ठेवून बघा. कान महोत्सवाचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. त्यात कूस्तोची माणसं मासे मोजायला प्रवाळाशेजारी डायनामाइट लावतात. जहाजाच्या पंख्यात सापडून देवमाशाचं पिल्लू जखमी होतं, रक्तावर शार्क जमतात आणि चिडलेले खलाशी ते शार्क डेकवर ओढून त्यांची खांडोळी करतात. यातलं काहीही लपवलेलं नाही, उलट अभिमानाने दाखवलंय. 'खरं की खोटं' या कसाला लावलं तर हा सिनेमा सोळा आणे उतरतो. मग आज तो बघताना पोटात का ढवळतं? म्हणजे कस अपुरा आहे. फसवणूक न करताही कॅमेरा गुन्ह्यात सामील होऊ शकतो, एवढं तरी कूस्तोच्या प्रामाणिकपणावरून दिसतं.

उलट बाजूने वाटाण्याची गोष्ट घ्या. १९१२ साली दादासाहेब फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभराहून अधिक काळ ते त्याच्या चौकटी टिपत राहिले. सगळ्या चौकटी सलग दाखवल्या तेव्हा मिनिटभरात बी फुटलं, कोंब वर आला, वेल झाला. भांडवल देणाऱ्यांना सिनेमा म्हणजे काय हे पटवायला त्यांनी ही फिल्म दाखवली, आणि पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' आला. म्हणजे आपल्या चित्रपटसृष्टीच्या पायात एक निसर्गपट आहे, आणि सत्यवादी राजाच्या सिनेमाला पैसा उभा राहिला तो एका 'फसवणुकी'वर. कारण जगातला कुठलाही वाटाणा मिनिटभरात वाढत नाही. पण ती फसवणूक होती का? जे दिसलं ते डोळ्यांनी कधीच दिसलं नसतं, आणि तरी त्यातली प्रत्येक चौकट वाटाण्यानेच दिली होती. वेळ आवळली, वाटाणा नाही.

आवाजाचंही तेच. शेकडो मीटरवरून मोठ्या भिंगाने टिपलेल्या अस्वलाच्या पावलांचा आवाज कॅमेऱ्याशेजारच्या माइकमध्ये येतच नाही. तिथे येतो वारा, आणि कॅमेरामनचं नाक ओढणं. संथ गतीत चित्रित केलेल्या दृश्याला तर स्वतःचा असा आवाजच नसतो. मग स्टुडिओत कुणीतरी मक्याच्या पिठाची पिशवी मुठीत दाबतं आणि बर्फ करकरतो. हे कळल्यावर फसवलं गेल्यासारखं वाटणाऱ्यांना मी विचारतो, पर्याय काय? निःशब्द अस्वल? तेही तितकंच खोटं, कारण जवळ उभं राहिलं असतं तर आवाज आलाच असता. २०११ मध्ये बीबीसीच्या एका मालिकेत ध्रुवीय अस्वलाच्या पिल्लाचा जन्म दाखवला, तो प्रसंग नेदरलंडमधल्या प्राणिसंग्रहालयातला निघाला आणि गदारोळ झाला. मालिकेचे निवेदक डेव्हिड ॲटनबरो यांचं उत्तर होतं की रानातल्या गुहेत कॅमेरा घुसवला असता तर आईने पिल्लाला मारलं असतं, नाहीतर कॅमेरामनला. उत्तर बिनतोड आहे. चूक फक्त एवढीच की पडद्यावर तसं सांगितलं नाही, सांगितलं ते संकेतस्थळावर. एका वाक्याने काम भागलं असतं.

माझा स्वतःचा कस साधा आहे. चित्रण चालू असताना प्राण्याला 'नाही' म्हणता येत होतं का? उठून जाता येत होतं का? लेमिंगना येत नव्हतं. शिकागोच्या सिंहाला येत नव्हतं. कड्यावरच्या हंसांना येत होतं. दूर टेकडीवर भिंग लावून बसलेल्या माणसाशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. हा कस सगळीकडे चालत नाही, हेही कबूल करतो. २००१ च्या एका फ्रेंच सिनेमात स्थलांतर करणारे पक्षी आपल्या हाताला लागतील इतक्या जवळून उडताना दिसतात, कारण त्यांतले बरेच अंड्यातून बाहेर आल्यापासून माणसांच्या अंगाखांद्यावर वाढवले होते आणि छोट्या विमानाला ते आई समजत होते. त्यांना उडून जाता येत होतं. पण जावंसंच वाटू नये अशी व्यवस्था आधी केलेली होती. मी तो सिनेमा दोनदा पाहिला, दोन्ही वेळा भारावलो, आणि त्याला कुठल्या रकान्यात घालायचं हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे. आपण कुणाकडून? हा प्रश्न प्राण्यांनी निर्माण केलेला नाही, कातरीने केलाय. आधी हंसाचं घर दाखवलं म्हणून आपण हंसाकडून. कोल्हीचं बीळ आधी दाखवलं असतं तर तेच पिल्लू पडताना आपण सुटकेचा श्वास टाकला असता. २००५ च्या एम्परर पेंग्विनांवरच्या फ्रेंच सिनेमाने तर याचा पुरावाच देऊन ठेवलाय. मूळ फ्रेंच आवृत्तीत नर, मादी आणि पिल्लू नटनट्यांच्या आवाजात स्वतःच बोलतात. अमेरिकेत नेताना ते बोलणं काढून एका निवेदकाचा धीरगंभीर आवाज बसवला. पक्षी तेच, बर्फ तोच, सिनेमे दोन. आणि अमेरिकेतल्या काही परंपरावादी भाष्यकारांना त्यात एकपत्नीव्रताचा आदर्श दिसला. वास्तविक बहुतेक एम्परर पेंग्विन पुढच्या हंगामात नवा जोडीदार धरतात. लहानपणीच्या गोष्टींतला कोल्हा लबाड आणि बगळा ढोंगी ठरवून आपण मोठे झालो, त्याचीच ही महागड्या कॅमेऱ्यांची आवृत्ती.

मग प्राण्यांना माणसासारखं दाखवणं हेच पाप का? तसंही नाही. संशोधक जेन गुडॉल यांनी टांझानियातल्या गोम्बेच्या चिंपांझींना क्रमांक न देता नावं दिली म्हणून केंब्रिजमध्ये त्यांना नावं ठेवली गेली. त्यांच्या एका निबंधात संपादकाने चिंपांझींसाठी वापरलेली 'तो' आणि 'ती' ही सर्वनामं खोडून तिथे निर्जीव वस्तूचं 'ते' घातलं होतं. गुडॉलबाईंनी ते खोडून पुन्हा आपलं लिहिलं. आज मागे वळून बघता सत्याच्या जवळ कोण होतं? नाव देणारी बाई, की क्रमांक मागणारे प्राध्यापक? आपुलकी डोळ्यांवर पट्टी बांधतेच असं नाही, कधी कधी ती सोडवतेही. तेव्हा कथा सांगू नका, असं माझं म्हणणं नाही. माझं भांडण कथेच्या वेगाशी आहे.

सिंह दिवसातले वीसेक तास लोळण्यात घालवतो. वाघाच्या दहा हल्ल्यांतले नऊ फुकट जातात असं अभ्यासक सांगतात. एम्परर पेंग्विनचा नर दोन महिन्यांहून अधिक काळ पायांवर अंडं घेऊन उपाशीपोटी, वादळात उभा राहतो. रानाचा मुख्य उद्योग हा आहे: थांबणं, फसणं, झोपणं, पुन्हा थांबणं. दीड तासाच्या सिनेमात हे किती दिसतं? मी पाहिलेल्या सिनेमात साधारण दर चार मिनिटांनी कुणीतरी कुणाच्या तरी मागे धावत होतं. तीन वर्षांच्या चित्रणातून धावण्याचे तेवढे प्रसंग निवडायचे आणि झोपेची वर्षं फेकून द्यायची, यात एकही चौकट खोटी नसते. आणि तरी एकत्रित परिणाम असा होतो की रान म्हणजे युद्धभूमी आणि प्राणी म्हणजे सतत कामावर असलेले शिपाई. घोडं पेंड खातं ते इथे. चकतीवरच्या लेमिंगांची चोरी पकडता येते, ही कशी पकडणार?

'त्याने बिघडलं काय, करमणूक आहे' असं म्हणाल तर माझ्याकडे दोन उत्तरं आहेत. पहिलं अपेक्षेचं. पडद्यावर दर चार मिनिटांनी घडताना पाहिलेला माणूस रानात जातो तेव्हा तो झाडाखाली झोपलेल्या जनावराकडे 'काही करत नाहीये' अशा नजरेने बघतो, गाडी आणखी जवळ न्यायला सांगतो, मोबाइल वर करतो. केनियातल्या मसाई मारामधल्या चित्त्यांवरचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पर्यटकांची वर्दळ कमी असलेल्या भागात मादीच्या एका वेतातली सरासरी २.३ पिल्लं मोठी होऊन स्वतंत्र झाली. वर्दळ जास्त असलेल्या भागात ०.२. या गाड्या सिनेमाने तिथे आणल्या असं मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्यापाशी नाही. पण त्या गाड्यांत बसलेल्यांना काय बघायचंय, हे त्यांना कुणी शिकवलं?

दुसरं उत्तर सुकाळाचं. रुंद पडदा कडेपासून कडेपर्यंत धावणाऱ्या कळपांनी भरला की वाटतं, जग अजून भरलेलं आहे. २०१८ मध्येच मांडला गेलेला एक हिशेब सांगतो की पृथ्वीवरच्या सगळ्या सस्तन प्राण्यांचं वजन केलं तर त्यात ६० टक्के पाळीव जनावरं, ३६ टक्के माणसं, आणि उरलेल्या ४ टक्क्यांत देवमाशांपासून उंदरांपर्यंत सगळं रान. पडद्यावर आपल्याला ते ४ टक्के दिसतात, तेही रस्ता, कुंपण, विजेची तार चौकटीत येणार नाही असा कॅमेरा वळवून. २०१७ च्या सुरुवातीला मार्टिन ह्यूज-गेम्स या ब्रिटिश निवेदकाने स्वतःच्याच क्षेत्राला सुनावलं होतं की असे कार्यक्रम म्हणजे पळवाट आहेत. पुढच्या वर्षी ॲटनबरो म्हणाले, सारखे इशारे दिले तर लोक तोंड फिरवतात. त्यावर ब्रिटिश पत्रकार जॉर्ज मॉन्बिओ यांनी त्यांच्यावर विश्वासघाताचा आरोप केला. ॲटनबरोंच्या म्हणण्यात तथ्य आहे. रोज बोंब मारणाऱ्याकडे कोण बघतं? पण २०२५ मध्ये, आपल्या ९९ व्या वाढदिवशी, त्यांनीच चित्रपटगृहांत आणलेल्या समुद्रावरच्या माहितीपटात समुद्रतळ खरवडत नेणारं ट्रॉलरचं जाळं अगदी जवळून दाखवलं. एकही प्राणी दुसऱ्याला मारत नाही असं ते दृश्य आहे, आणि त्याच्याइतकं हिंस्र काही मी वन्यजीव माहितीपटात पाहिलेलं नाही. सौंदर्य की भीती, हा वाद त्या जाळ्यापुढे फिका पडतो. चौकट थोडी मागे घेतली, एवढंच केलं होतं.

मग थिएटर कशाला? घरी चांगला टीव्ही आहे, थांबवता येतो, पुन्हा बघता येतो. कबूल. ज्ञान मिळवायचं तर घरचा पडदा पुरेसा आहे, कदाचित जास्त सोयीचा आहे. पण घरी अंगठा असतो. काही घडेना की अंगठा पुढे सरकवतो, आणि बनवणाऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो अंगठ्याला सवडच देत नाही. थिएटरात अंगठा निकामी होतो. तिकीट काढलेलं असतं, दार बंद असतं, उठायचं तर सहा जणांचे गुडघे ओलांडावे लागतात. या संकोचाचं मोल फार आहे. सिनेमावाल्याच्या हाती असा प्रेक्षक लागतो ज्याला कंटाळता येतं पण पळता येत नाही. रानाची संथ लय दाखवायला याहून चांगली जागा कोणती?

त्या हंसांच्या सिनेमातही असा एक तुकडा होता. उडीच्या कितीतरी आधी. मादी अंड्यांवर बसलेली आणि बर्फ पडतोय. बस्स. बर्फ तिच्या पाठीवर साठत जातो, आधी पिसांच्या खाचांत, मग सपाट थर. ती हलत नाही. मग तिची पापणी मिटते, खालून वर. पक्ष्यांची पापणी झोपताना खालून वर सरकते हे मी कुठेतरी वाचलेलं होतं, पण माणसाएवढ्या उंच डोळ्यावर ती सरकताना पाहिली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की समोरचा जीव माझ्यासारखा नाही. पुढच्या दोन रांगांत मोबाइल उजळले. कुणीतरी जांभई दिली, ती ऐकू आली. अर्धं-पाऊण मिनिट गेलं असेल. मग तंतुवाद्यांचा ताफा कोसळला आणि कोल्ही धावत आली. माझी खात्री आहे, कातरीच्या टेबलाशी कुणीतरी त्या पाऊण मिनिटासाठी भांडलं असणार, आणि दुसऱ्या कुणीतरी 'बास झालं आता' म्हटलं असणार.

आता कीअर्टन. संथ आणि खरं दाखवलं तर लोक येत नाहीत, हे १९१० मध्येच सिद्ध झालं, असं म्हणता येईल. पण कीअर्टनच्या प्रेक्षकांना सेलिगच्या सिनेमाने आधीच सिंहाची चटक लावलेली होती. ते थरार मागायला आले आणि त्यांना सहल मिळाली. दोष खरेपणाचा होता की मोडलेल्या अपेक्षेचा? याला उतारा तोच पेंग्विनांचा सिनेमा. त्याच्या मधोमध काय आहे? शेकडो नर अंधारात, वादळाकडे पाठ करून, उभे. हा उभं राहण्याचा सिनेमा आहे. तो जगभर चालला, त्याला ऑस्कर मिळालं, आणि लोक रडले ते पाठलागाला नव्हे, त्या उभं राहण्याला. विलंबित ख्यालाला बसणाऱ्या श्रोत्याला कुणी 'पुढे काय घडतं' असं विचारत नाही. द्रुत येणार हे त्याला ठाऊक असतं, आणि त्याची गोडी विलंबितामुळेच आहे हेही. वाघाचे नऊ फसलेले हल्ले बघितले तरच दहावा हल्ला काय किमतीचा असतो ते कळेल. पहिल्याच झडपेत शिकार दाखवणारा सिनेमा वाघाला बलाढ्य करत नाही, स्वस्त करतो.

पैशांचा प्रश्न उरतो. तीन वर्षांचा खर्च वसूल करायचा असतो, आणि निर्माते साधुसंत नसतात. त्याला माझ्याकडे उत्तर नाही, फक्त एवढं की ही मागणी प्रेक्षकांकडून आल्याशिवाय पुरवठा बदलणार नाही, आणि आपण प्रेक्षक सध्या 'ते दृश्य खरं होतं का' यावरच एकमेकांची डोकी फोडतोय.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा मुद्दाही इथेच निकालात निघतो असं मला वाटतं. २०२५ मध्ये रात्रीच्या कॅमेऱ्यात टिपल्यासारखा, अंगणातल्या ट्रॅम्पोलिनवर उड्या मारणाऱ्या सशांचा व्हिडिओ कोट्यवधी लोकांनी पाहिला. तो यंत्राने बनवलेला होता. लोक चिडले, खजील झाले. पण त्या व्हिडिओत नेमकं काय होतं? घडणं. फक्त घडणं. यंत्र दुसरं काय बनवणार? ते शिकलंय आपणच निवडलेल्या, आपणच पुनःपुन्हा पाहिलेल्या क्षणांवर. शंभर वर्षं आपण रानातून उड्या, झेपा, झुंजी वेचून काढल्या, आणि आता यंत्र त्याच आपल्याला परत देतंय, रानाशिवाय. माहितीपट उड्यांच्याच बाजारात उभा राहणार असेल तर यंत्र त्याला खाणार, आणि खावंच. त्याच्यापाशी यंत्राकडे नसलेलं असं एकच आहे: कुणीतरी तिथे होतं, आणि बराच वेळ काही झालं नाही.

पिल्लाचं काय झालं ते राहिलं. त्याने उडी टाकली, दगडांवर दोनदा आपटलं, उठलं आणि गवताकडे पळालं. दुसरं एक कोल्हीला मिळालं. थिएटरात दोन्ही वेळा वेगवेगळे आवाज निघाले. मग संगीत फुगलं, हेलिकॉप्टरमधून दिसणारा समुद्र आला, दिवे लागले आणि लोक उठले. पडद्यावर नावं सरकत होती, आणि नावांच्या डावीकडे एका लहानशा चौकटीत चित्रण करणाऱ्यांची दृश्यं चालू होती. कापडी आडोशात बसलेला एक माणूस. त्याच्या दाढीला बर्फ. कोपऱ्यात दिवसांचा आकडा बदलतो: नऊ, दहा, अकरा. तो थर्मासमधून काहीतरी ओततो. भिंगाला डोळा लावतो. काढतो. बारा. पायऱ्यांवर गर्दी दाराकडे सरकत होती. मागच्या रांगेतली ती मुलगी मधल्या पायरीवर पडद्याकडे तोंड करून उभी होती आणि आई तिचा हात ओढत होती. "चल ना, संपला सिनेमा." मुलगी म्हणाली, "थांब, तो बसलाय अजून."